महिन्याला सहाशे किलोमीटर: गाडी कोणती घ्यावी आणि ती खरोखर कितीला पडते

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरी, वय चौतीस. घरात आई-वडील, बायको आणि एक लहान मुलगी. पहिलीच गाडी. हातात तीन लाख आहेत, सहा लाख कर्ज काढायची तयारी आहे, म्हणजे ऑन रोड नऊ लाखांपर्यंत. कामावर जायला मोटारसायकल आहेच. गाडी लागणार ती वडिलांना महिन्यातून एकदा पुण्याच्या दवाखान्यात न्यायला, माण तालुक्यातल्या गावी जायला आणि लग्नकार्यांना. महिन्याला पाचशे-सहाशे किलोमीटर. वडील म्हणतात मारुतीच घे. मेहुणे म्हणतात डिझेलची उंच गाडी घे, चार माणसांत मान राहतो. बायको म्हणते पत्रा जाड हवा. मित्र म्हणतो सीएनजीशिवाय परवडणार नाही. कंपनी कोणती चांगली आणि महिन्याला खर्च किती, असं तुम्ही विचारलंय.

साताऱ्यात माझं सव्वीस वर्षं गॅरेज आहे. सगळ्या कंपन्यांच्या गाड्या माझ्या रॅम्पवर चढतात, आणि त्यांच्या मालकांचे चेहरे बिल बघताना कसे होतात तेही मी रोज बघतो. तुमच्या या चौघांचंही म्हणणं कुठून येतं ते मला कळतं. पण तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, जे तुम्ही सहज लिहून पुढे गेलात: महिन्याला पाचशे-सहाशे किलोमीटर. माझ्या लेखी तुमचं उत्तर तिथेच आहे. कंपनीचा विषय त्यानंतरचा.

आधी हिशेब करू. सहाशे धरले तर वर्षाला ७,२०० किलोमीटर. पेट्रोलची छोटी गाडी आपल्या रस्त्यांवर, एसी लावून, थोडा घाट धरून लिटरला सोळा देते. कंपनीच्या कागदावर बावीस-तेवीस लिहिलेलं असतं, ते सोडून द्या. वर्षाला ४५० लिटर लागेल. लिटरला १०४ रुपये धरले तर ४६,८०० रुपये. म्हणजे महिन्याला चार हजारांच्या आतच पेट्रोल. लोक खर्च विचारतात तेव्हा त्यांच्या डोक्यात एवढाच आकडा असतो.

आता जो खर्च पंपावर दिसत नाही तो मांडतो. नऊ लाखांची नवी गाडी सहा वर्षांनी विकायला काढलीत, तर नीट सांभाळली असेल तर साडेचार लाखांच्या आसपास येतात. म्हणजे वर्षाला ७५,००० रुपये गाडी नुसती उभी राहून खाते. सहा लाख कर्ज, पाच वर्षं, नऊ टक्के व्याज धरलं तर हप्ता १२,४५५ रुपये आणि एकूण व्याज जवळजवळ १,४७,००० रुपये. सहा वर्षांत विभागलं तर वर्षाला साडेचोवीस हजार. विमा सरासरी १८,०००. सर्व्हिसिंग आणि किरकोळ दुरुस्ती ८,०००. टायर आणि बॅटरी यांच्यासाठी वर्षाला साडेपाच हजार बाजूला टाका. टोल, पार्किंग, धुलाई ६,०००. सगळं मिळून वर्षाला सुमारे १,८४,००० रुपये होतात. महिन्याला पंधरा हजारांच्या वर. किलोमीटरला साडेपंचवीस रुपये, आणि त्यात पेट्रोल फक्त साडेसहा.

हा आकडा बघून दचकू नका, पण तो डोळ्यांसमोर ठेवा. आपल्याकडे भाड्याची छोटी गाडी ड्रायव्हरसकट किलोमीटरला पंधरा-सोळा रुपयांत मिळते. नुसता पैशांचा हिशेब केला तर तुम्ही गाडी घ्यायलाच नको. तरीही मी घ्या असंच म्हणेन, कारण रात्री दोन वाजता वडिलांच्या छातीत कळ आली तर भाड्याच्या गाडीचा फोन कोणी उचलेल याची खात्री नसते. दारात गाडी असण्याची ती किंमत आहे. फक्त ती किंमत कर्जाच्या हप्त्यात आणि घसाऱ्यात जास्तीची जाऊ देऊ नका. तुमच्या वापराला पैसा वाचतो तो गाडी कमी किमतीची घेण्यात आणि ती जास्त वर्षं ठेवण्यात. ॲव्हरेजच्या दोन-तीन किलोमीटरने तुमच्या खर्चात फारसं काही हलत नाही.

याच हिशेबावर मेहुण्यांचं डिझेल तपासा. डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा सव्वा लाखाने तरी महाग. शिवाय महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला एकरकमी रस्ता कर ११ टक्के आहे, डिझेलला १३. किलोमीटरमागे वाचतात साधारण दोन रुपये, म्हणजे वर्षाला १४,४००. सव्वा लाख फिटायला साडेआठ वर्षांच्या वर जातील. पण याहून मोठं कारण वेगळं आहे. एप्रिल २०२० ला बीएस६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आले तेव्हापासून डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारी एक जाळी असते, डीपीएफ म्हणतात तिला. साठलेली काजळी जळायला गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं हायवेवर चांगल्या वेगाने पळावी लागते. साताऱ्यात राजवाडा ते पोवई नाका अशी शहरातल्या शहरात फिरणारी डिझेल गाडी ती काजळी जाळूच शकत नाही. मग मीटरवर दिवा लागतो, गाडी ओढेनाशी होते आणि जाळी बदलायची वेळ आली तर बिल लाखाच्या घरात जातं. मारुतीने २०२० साली छोटी डिझेल इंजिनं बंद केली, त्यात हा बीएस६चा खर्चच होता. महिन्याला दोन हजार किलोमीटर हायवेवर पळणाऱ्याला मी आजही डिझेल सांगतो. तुम्हाला नाही.

मित्राच्या सीएनजीत तथ्य आहे, पण त्याच्या वापरापुरतं. कंपनीचं सीएनजी घ्यायला नव्वद-पंचाण्णव हजार जास्त लागतात. किलोला चोवीस किलोमीटर धरले तर किलोमीटरमागे पावणेतीन रुपयांच्या आसपास वाचतात. तुमच्या वापराला ते पैसे फिटायला पाचेक वर्षं लागतील. महिन्याला दीड हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे दोन वर्षांत फिटतात. दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी करून घ्यावी लागते ते वेगळं. आणि तुम्ही पाच माणसं घेऊन गावाला जाणार. काही नव्या गाड्यांत दोन बारक्या टाक्या खाली बसवून डिकी वाचवतात, पण बाकीच्यांत सिलिंडर अर्धी डिकी खातं, मग आईची पिशवी आणि मुलीची सायकल कुठे ठेवाल?

इलेक्ट्रिकचं विचारलं नाहीत म्हणून थोडक्यात सांगतो. घरच्या मीटरवर चार्ज होत असेल तर युनिटला सहा-सात किलोमीटर मिळतात, तिच्याइतकी स्वस्त दुसरी गाडी चालत नाही. पण तोच प्रश्न पुन्हा येतो. ७,२०० किलोमीटरवर ती बचत किमतीतला फरक भरून काढत नाही.

आता वडिलांच्या मारुतीकडे येतो. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण कंपनीचं नाव म्हणजे नेमकं काय, याबद्दल लोकांच्या मनात मोठा गोंधळ आहे.

तुमच्या वडिलांच्या पिढीने फियाट आणि अँबेसेडरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावलेले. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि सकाळी चावी फिरवल्यावर पहिल्या झटक्यात सुरू होणारी गाडी त्यांनी पहिल्यांदा पाहिली. थंडीत चोक ओढून, ढकलून गाडी चालू केलेल्या माणसाला ती गोष्ट आयुष्यभर विसरता येत नाही. वडिलांच्या "मारुतीच घे" मध्ये ती आठवण आहे. पण आज कुठलीही नवी गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. मग नावात उरतं काय? हे मी एका इंजिनावरून सांगतो.

१.३ लिटरचं एक डिझेल इंजिन होतं, मूळ फियाटचं. तेच इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये डीडीआयएस या नावाने आलं, टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्ये क्वाड्राजेट नावाने आणि फियाटच्या स्वतःच्या पुंतोमध्ये मल्टीजेट नावाने. टाटा आणि फियाटच्या गाड्यांसाठी ते त्यांच्या भागीदारीतल्या रांजणगावच्या कारखान्यात, म्हणजे इथून तीन तासांवर, बनायचं; मारुती मुख्यतः आपल्या मानेसरच्या कारखान्यात बनवायची. मी तिन्ही गाड्यांची इंजिनं उघडली आहेत. टेबलावर शेजारी ठेवली तर आतला सांगाडा एकच. तरी सेकंड हँड बाजारात स्विफ्टला गिऱ्हाईक रांगेत उभं असायचं, व्हिस्टाला घासाघीस व्हायची आणि पुंतो घेऊन आलेल्या माणसाला एजंट चहा पाजून परत पाठवायचे. पुंतो रस्त्यावर सर्वांत घट्ट चालायची, हे मी स्वतः चालवून सांगतो. तिची किंमत पडली कारण तिचं सर्व्हिस सेंटर जवळ नव्हतं आणि पार्ट मागवला की आठवडा-दोन आठवडे वाट बघावी लागायची.

म्हणून माझ्या धंद्यात नावाचा अर्थ दोनच प्रश्नांत आहे: पार्ट आज संध्याकाळपर्यंत मिळेल का, आणि विकायला काढली तर कोण घेईल? शेव्हरोलेची विक्री इथे २०१७ अखेर थांबली, तळेगावचा कारखाना २०२० मध्ये बंद झाला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. त्या गाड्या वाईट नव्हत्या. पण बातमी आली त्या महिन्यात त्यांच्या मालकांचे लाख-लाख रुपये बसल्या जागी गेले. उलट २०१९ पासून मारुतीची बलेनोच टोयोटाचं चिन्ह लावून ग्लान्झा म्हणून विकली जाते. गाडी तीच, पण सर्व्हिस सेंटर आणि विश्वास वेगळा. अशा जोडगोळीतली एक घ्यायची असेल तर दोघांची वॉरंटी किती वर्षांची आहे, घराजवळचं सर्व्हिस सेंटर कुणाचं, आणि त्या दिवशी सूट कुठे जास्त मिळतेय, एवढं बघा.

या कसोटीवर साताऱ्यात मारुती, टाटा, ह्युंदाई आणि महिंद्रा या चारही उतरतात. त्यामुळे वडिलांचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त ते एकट्या मारुतीपुरतं खरं नाही.

जाड पत्र्याचं बोलू. बायकोची काळजी खरी आहे, तिने वापरलेला शब्द मात्र मला बदलायचाय. बॉनेटवर बोटाने टकटक करून आवाज ऐकायचा आणि गाडी दणकट ठरवायची, हे माझ्याकडे रोज बघतो. बाहेरचा पत्रा माणूस वाचवत नाही. वाचवतो तो आतला सांगाडा, खांब, बेल्ट आणि एअरबॅग. पुढचा भाग तर चुरडलाच पाहिजे, कारण धक्का तो पचवतो. ठोकलेल्या गाडीत मी बॉनेट बघतच नाही, दरवाजे उघडतात का ते बघतो. दरवाजा हाताने उघडला तर सांगाड्याने काम केलं.

आणि सुरक्षितता कंपनीवर ठरत नाही, मॉडेलवर ठरते. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या, म्हणजे गाडी आदळून बघायच्या, चाचणीत पाच तारे मिळाले, आपल्या देशातल्या गाडीला पहिल्यांदाच. तिथून "टाटा म्हणजे लोखंड" हे नाव झालं. मारुतीच्या स्विफ्टला २०२२ च्या चाचणीत एकच तारा मिळाला होता, आणि त्याच मारुतीच्या नव्या डिझायरला नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणीही सुरू झाली आहे. ज्या मॉडेलवर मन बसेल त्याचा निकाल मोबाईलवर काढा आणि बायकोला दाखवा. प्रौढांचे तारे आणि लहान मुलांचे तारे वेगळे असतात, तुमच्या घरात मुलगी आहे तर दुसरे नक्की बघा. तिच्यासाठी चाइल्ड सीट घ्या आणि मागच्या माणसांना बेल्ट लावायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. माझ्याकडे आलेल्या अपघाताच्या गाड्यांत मागे बसलेल्यांची अवस्था मी पाहिलेली आहे, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

मेहुण्यांच्या मानाला मी उडवून लावणार नाही. गाडी दारात उभी राहिली की घराकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात, हे खरं आहे. २००९ ला टाटांची नॅनो रस्त्यावर आली तेव्हा चौघांचं कुटुंब पावसात भिजू नये हाच तिच्यामागचा विचार होता. पण "सर्वांत स्वस्त गाडी" हा शिक्का बसला आणि जिच्यासाठी ती केली त्याच माणसाला ती घ्यायला लाज वाटू लागली. रतन टाटांनी पुढे स्वतः सांगितलं की स्वस्त म्हणून ती खपवणं ही चूक झाली. मानाचं वजन इतकं असतं. तरी तुम्हाला एकच सांगतो. माझ्याकडे दर महिन्याला एखादी उंच, चकचकीत गाडी येते जिच्या मालकाकडे ब्रेक पॅडचे पैसे नसतात. "पुढच्या पगाराला करू" म्हणतो आणि तसाच पसरणीचा घाट उतरतो. हप्त्याने त्याचा हात बांधलेला असतो. त्याच्या बायकापोरांकडे बघून मला झोप लागत नाही. मी पॅड घालून देतो, पैसे नंतर घेतो, पण प्रत्येकाला मी पुरा पडणार नाही.

मग तुम्ही काय घ्यावं? माझा स्पष्ट सल्ला असा: तीन वर्षांच्या आतबाहेरची, एकाच मालकाची, पेट्रोल गाडी, साडेपाच लाखांपर्यंत. तीन लाख तुमचे, अडीच लाख कर्ज, तीन वर्षांत फेडून मोकळे. जुन्या गाडीला व्याज बारा टक्के धरलं आणि दुरुस्ती जास्तीची, वर्षाला तेरा हजार धरली, तरी वर्षाचा खर्च १,४२,००० च्या आसपास येतो. महिन्याला बारा हजारांच्या आत. नव्या गाडीशी तुलना केली तर सहा वर्षांत अडीच लाख वाचतात. दर महिन्याला पुण्याच्या दवाखान्यात जाणाऱ्या घरात ते अडीच लाख बँकेत असलेले बरे.

गाडी शक्यतो एप्रिल २०२३ नंतर बनलेली बघा. तेव्हापासूनच्या गाड्यांतले रबरी पाइप आणि सील वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालतील असे असतात, आणि आता पंपावर तेच पेट्रोल मिळतं. त्याआधीची गाडी लगेच बिघडते असं नाही, पण ॲव्हरेज थोडं पडतं आणि जुने रबर लवकर कडक होतात.

बघायला जाल तेव्हा सकाळी, इंजिन थंड असताना जा. मालकाला आधी सांगा, गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेट उघडलं की पहिल्यांदा इंजिन ऑइलचं झाकण काढून उलटं करा. आतल्या बाजूला पिवळट, सायीसारखं काही चिकटलेलं दिसलं तर दोन अर्थ होतात: हेड गॅस्केटमधून पाणी ऑइलमध्ये येतंय, किंवा गाडी फारच कमी आणि तुकड्यातुकड्यांनी चाललेली आहे. गेल्या वर्षी निवृत्त शिक्षकांची एक गाडी आली होती, नऊ वर्षांत फक्त चौदा हजार किलोमीटर. घेणारा खूश होता, नवीच आहे म्हणून. झाकण उघडलं तर साय. टायरच्या बाजूवर बोट दाबलं तर बारीक भेगा उघडत होत्या, आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घर, कुरतडलेल्या वायरी आणि शेंगांची टरफलं. टायर, बॅटरी, वायरिंग मिळून बेचाळीस हजार खर्च आला. कमी पळालेली म्हणजे चांगली, असं नसतं.

टायरचं वय टायरवरच लिहिलेलं असतं. डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. मीटर पंचवीस हजार दाखवतंय आणि चारही टायर बदललेले आहेत, तर मीटर मागे फिरवलेलं असू शकतं. ब्रेकच्या पेडलचं रबर, गिअरची मूठ, ड्रायव्हर सीटची कड बघा, त्यांना खोटं बोलता येत नाही. बॉनेटच्या आणि दरवाजांच्या नटांवरचा रंग खरवडलेला असेल तर ते कधीतरी उतरवलेले आहेत. मग प्रश्न विचारा.

पुराच्या गाडीपासून सांभाळा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी गाड्या बुडाल्या आणि धुऊनपुसून फिरत्या झाल्या. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या वीतभर पट्टीवर मातकट रेघ दिसते. स्टेपनी उचलून खालच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात बोट फिरवा. पुराचा बारीक गाळ तिथून कुणीही काढत नाही.

कागदांत आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का ते बघा. असेल तर बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आणि नाव ट्रान्स्फर झाल्याचं आरटीओच्या नोंदीत दिसेपर्यंत विकणाऱ्याचा नंबर जपून ठेवा.

विम्याबद्दल दोन गोष्टी मात्र नीट समजून घ्या. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. २०२२ च्या दरपत्रकात हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीला तो वर्षाला ३,४१६ रुपये होता. त्यात घासाघीस नाही. घासाघीस होते ती तुमच्या स्वतःच्या गाडीच्या विम्यात, आणि तिथे एजंट हप्ता कमी दाखवायला गाडीची विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, खाली आणतो. तो पाचशे रुपये वाचवून देतो आणि गाडी चोरीला गेली की तुमचे पन्नास हजार जातात. साध्या विम्यात रबर-प्लास्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि हल्लीचा पूर्ण बंपर प्लास्टिकचा. म्हणून पाच वर्षांच्या आतल्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भागांचे पैसे देणारा विमा, घ्याच. क्लेम न केल्याची सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्के मिळते आणि वाढत पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. ती गाडीची नसते, मालकाची असते. त्यामुळे जुन्या मालकाची सवलत तुम्हाला मिळणार नाही. तुम्ही पुढे गाडी विकाल तेव्हा स्वतःची मात्र नव्या गाडीवर घेऊन जा.

आणि पाण्याचं. २०१९ च्या पुरानंतर एक गाडी टोचन करून माझ्याकडे आणली. पाणी फक्त सीटपर्यंत आलेलं. ओसरल्यावर मालकाने घाबरून चावी फिरवली. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं होतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकला आणि ब्लॉकला भोक पडलं. इंजिन प्रोटेक्शन, म्हणजे इंजिनासाठीचा जास्तीचा विमा, घेतलेलं नव्हतं, विमा कंपनीने इंजिनचे पैसे नाकारले. एक लाख वीस हजार गेले. चावीला हात लावला नसता तर ऑइल बदलून, सीट वाळवून आठ-दहा हजारांत काम झालं असतं. पाणी चाकाच्या मध्याच्या वर गेलं असेल तर गाडी चालू करू नका, बॅटरीची वायर काढा आणि टोचन करून आणा.

सर्व्हिसिंगचं बिल वाचायला शिका. मागच्या महिन्यात कोरेगावच्या एक सिस्टर बिल घेऊन आल्या, ११,८४० रुपयांचं, वीस हजार किलोमीटरच्या गाडीचं. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, वॉशर आणि मजुरी मिळून ४,६०० रुपये होते, ते बरोबर. बाकीचं इंजिन फ्लश, थ्रॉटल क्लीनिंग, एसीचा फवारा, खालचं कोटिंग आणि बाहेरचं पॉलिश. वीस हजारांवर यातलं काहीच गरजेचं नव्हतं. गाडी देताना जॉबकार्डावर "विचारल्याशिवाय जास्तीचं काम करू नये" असं लिहून सही घ्या. वॉरंटी आहे तोवर कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला जा आणि पावत्या फाइलला लावा. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल त्याला ऑइल बदला. तुमचं वर्षच आधी येणार. आठवड्यातून एकदा तरी गाडी वीस-पंचवीस किलोमीटर सलग पळवा. जागेवर पाच मिनिटं चालू ठेवून बंद केल्याने झाकणाला साय धरते आणि बॅटरीही भरत नाही.

खंबाटकी किंवा पसरणीचा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करू नका. ती कार्बोरेटरच्या काळातली सवय. आताच्या गाडीत गिअर घातलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल सोडावंच लागतं. म्हणजे वाचत काही नाही, वर सगळा भार ब्रेकवर येतो. आणि इंजिनच बंद केलं तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो.

पुण्याला महिन्यातून एकदा गेलात तरी आणेवाडी आणि खेड-शिवापूर धरून वर्षाला अठ्ठेचाळीस वेळा नाका ओलांडता. फास्टॅगचा वार्षिक पास ऑगस्ट २०२५ मध्ये आला तेव्हा तीन हजारांचा होता; त्या दराने तो तेवढ्याच फेऱ्यांना वापरला तरी एका ओलांडण्याला साडेबासष्ट रुपये पडतात. नाक्यावरचा दर बघून ठरवा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर तो पास चालत नाही.

नवीच घ्यायची असा घरच्यांचा आग्रह असेल तर सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आहे, नऊ लाखांत पाच ताऱ्यांच्या डिझायर किंवा पंचची खालची-मधली व्हेरिएंट बसतात. सनरूफचे पैसे देऊ नका, चाइल्ड सीट अडकवायचे हूक, म्हणजे आयसोफिक्स, आणि सहा एअरबॅग आहेत का ते विचारा.

नवी असो की जुनी, टेस्ट ड्राइव्हला वडिलांना बरोबर घ्या. त्यांना मारुती हवी की टाटा, हे विचारूच नका. मागच्या सीटवर बसवा, दार लावा, पुन्हा उतरायला सांगा, दोन-तीन वेळा. बसताना डोकं छताला लागतंय का, उतरताना गुडघ्यावर हात टेकून उठावं लागतंय का, ते उभं राहून बघा. सेडान खाली बसते, सत्तरीच्या माणसाला तिच्यातून उठताना कळ येते. थोडी उंच हॅचबॅक असेल तर सीट कमरेच्या पातळीला येते आणि माणूस सरकून बसतो. दवाखान्याच्या दारात, मागून हॉर्न वाजत असताना, त्यांना त्याच सीटवरून उतरायचं आहे.